गमलीबाईनं भरलेला दंड

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की एवढ्याशा गोष्टीवरून बाईंनी केवढा थयथयाट केला. आमच्या नेरच्या घरी तर माझा राग हा घरातल्या माणसासारखाच धरलेला असतो. आई पाहुण्यांना सांगते, "अर्पिता झोपेतून उठली की अर्धा तास तिच्याशी बोलू नका." तर अशा मला शिक्षण सेवक म्हणून पहिली नेमणूक मिळाली उंबरदरी तांड्यावर. महागावहून फाट्यापर्यंत एसटी आणि फाट्यापासून वर, सागाच्या जंगलातून, साडेचार किलोमीटर कच्च्या रस्त्याची चढण. बाबा मला सोडायला आले होते. नेरच्या मार्केटात कापसाचं माप करणारा माणूस, पोती पाहून वजन सांगतो, पण त्या दिवशी माझी एक ट्रंक वर चढवताना तीनदा खाली बसला.

तांड्यावर चाळीसेक घरं. सगळी बंजाऱ्यांची. शाळेची एकच खोली, चौथीपर्यंत एकोणीस पोरं. दोन वर्षांत चार शिक्षक येऊन गेले होते. कोणी महिन्याभरात आजारी पडलं, कोणाच्या घरचं कोणी आजारी पडलं, आणि एक गुरुजी पोळ्याला म्हणून गावी गेले ते गेलेच. भाड्यानं खोली मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तांड्याचे नाईक सेवादास, म्हणजे तिथले मुखिया, त्यांनी ठरवून टाकलं होतं की नवीन मॅडम गमलीबाईकडे राहतील.

गमलीबाई दारातच उभी होती. अठ्ठावन्न वर्षांची, उंच, वाळलेल्या तुरीच्या काडीसारखी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. नवरा धनसिंग वारून सहा वर्षं झालेली. घरात मुलगा धरमसिंग, सून मोनाली, नात सलोनी नऊ वर्षांची, आणि दीड वर्षाचा एक नातू, त्याला सगळे लहान्या म्हणायचे. बाबांचा चहा होतो न होतो तोच तिनं मला समोर बसवून सांगितलं, "मॅडम, लपवून ठेवायचं काई नाई. दिवाळी झाली का माहे पोरगा आन सून ऊस तोडाले जातेत. सांगलीकडं. गेल्या साली शाळेत कोणी नव्हतं, तं सलोनीले संग घेऊन गेले. सहा महिने पोरगी तिथल्या कोपीवर, झोपडीत, भाऊ सांभाळत बसली. आली तवा स्वतःचं नाव विसरून गेलती लिवाचं. धरमसिंग म्हणते, शाळेत बाई असन तं पोरगीले ठेवतो, नसन तं नेतो. आता तुमी हाय." एवढं बोलून ती माझ्याकडं अशी पाहत राहिली की मी "आहे ना" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते!

आता खरी गंमत. चार शिक्षक का पळाले यावर तांड्यानं बैठक घेतली होती, आणि त्यांचा निष्कर्ष असा निघाला होता की आपल्याकडून पाहुणचारात कसर राहिली. झालं! सेवादास नाईकांनी तांड्याला कायदाच केला. मॅडमनं कामाला हात लावायचा नाही. जो मॅडमला काम करू देईल त्यानं एक नारळ दंड भरायचा. तो नारळ मग सेवालाल महाराजांपुढं फोडून सगळ्यांत वाटायचा.

त्या पाहुणचाराचं काय सांगू. माझ्यासाठी नवीकोरी गोधडी, तिच्यावर आरशांचं भरतकाम, आणि अंगाला ते आरसे टोचायचे म्हणून झोप नाही. घरात संडास एकच. तो गमलीबाईनं कुलूप लावून फक्त माझ्यासाठी ठेवला आणि सगळं घर शेतात जाऊ लागलं. मी किल्ली परत दिली की ती पुन्हा माझ्या उशीखाली यायची. मी कुठंही उभी राहिले की मागून प्लॅस्टिकची खुर्ची यायची. मोबाईलला रेंज फक्त टेकाडावरच्या खडकाजवळ मिळायची. हजेरी ऑनलाइन भरायला मी रोज तिथं चढायची, तर माझ्या मागं कोणीतरी डोक्यावर खुर्ची घेऊन चढायचं. जेवायला मी एकटी. घरातली सगळी माणसं भिंतीला टेकून मी खाते ते बघत बसायची. लहान्याची लाळ गळायची, सलोनी त्याचं तोंड दुसरीकडं फिरवायची. मी त्याला एक घास द्यायला गेले की गमलीबाई म्हणायची, "त्यानं खाल्लं हाय, तुमी जेवा." खोटं! ढळढळीत खोटं.

आणि चहा. तिथं साखर म्हणजे मान. जितका मान मोठा तितकी साखर जास्त. मी शिकवायला आलेली बाई, म्हणजे कपात चमचा उभा राहील एवढा मान. शाळेतून घरी येताना सात-आठ दारांवरून हाक यायची, "आवो मॅडम, बेसो." बसायलाच लागायचं. रिकाम्या तोंडी पाठवणं म्हणजे घराला बट्टा. महिन्याभरात माझ्या पोटानं हात टेकले. पण तांड्याला वाटलं मॅडम वाळून चालली, म्हणजे पाहुणचार कमी पडतोय. मग त्यांनी साखर वाढवली.

हसू नका. दिवसभर तुमच्यासाठी कोणीतरी उपाशी, कोणीतरी उन्हात, कोणीतरी उभं, आणि तुम्ही मात्र बसलेल्या, हे सोसायला लय जड जातं. मला त्या घरात आपलं असं काहीच नव्हतं. ट्रंकेतला बाबासाहेबांचा फोटो तेवढा माझ्या खोलीत होता. तो लावायला गमलीबाईनं स्वतः खिळा ठोकला, मला हातोडी धरू दिली नाही. सप्टेंबर उजाडला आणि मी टेकाडावर, त्या खुर्चीत बसून, नेर तालुक्यात बदलीचा अर्ज भरला. मागं खुर्ची आणणारी बाई कौतुकानं म्हणाली, "किती काम करतेत मॅडम." मला रडू आलं.

स्फोट झाला तो एका सोमवारी. मी पहाटेच उठले, कोणाला कळायच्या आत पाण्याचा गुंड उचलला आणि हातपंपावर गेले. दोन ठोके हाणले असतील, तेवढ्यात चार बाया धावल्या. गुंड ओढला गेला, पाणी सांडलं, आरडाओरडा झाला. पंधरा मिनिटांत सेवादास नाईक दारात हजर. बिचारे चांगले गृहस्थ, पण नियम म्हणजे नियम. "गुंड कोण्या घरचा?" गमलीबाईचा. ती आत गेली, नारळ घेऊन आली आणि खाली मान घालून त्यांच्या हातावर ठेवला.

ती खाली घातलेली मान पाहून माझं डोकं फिरलं. नाईक गेल्यावर मी तिच्यावर ओरडलेच. "मी काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे का? मला हात नाहीत? तुमच्या घरात मी दोन महिने राहतेय, मला मिठाचा डबा कुठं असतो तेसुद्धा माहीत नाही!"

"काय कमी पडलं, मॅडम?" ती घाबरून म्हणाली.

"काहीच कमी पडलं नाही! तेच तर! मला इथं राहवत नाही. मी बदलीचा अर्ज दिला आहे, ऐका. दिला आहे मी अर्ज!"

मोनाली चुलीपाशी होती, तिच्या हातातली भाकर तव्यावर अर्धी पडली, अर्धी बाहेर. सलोनी दाराआड उभी होती, तिनं ऐकलं. तिला पाहिल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण बोललेलं परत कसं घेणार? गमलीबाई उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी माझं ताट तिनं वाढलं नाही, मोनालीनं वाढलं.

दुसऱ्या दिवशी अजून फटफटायचं होतं, माझ्या अंगावरची आरशांची गोधडी कोणीतरी ओढली.

"ए छोरी. ऊठ. पाणी कोण भरन, तुहा बाप?"

मी डोळे चोळत पाहिलं. गमलीबाई, हातात गुंड. मॅडम गेलं, तुमी गेलं, छोरी झालं. त्या क्षणी माझ्या बाबांचा उद्धार झाला याचा मला इतका आनंद व्हावा, याचं आजही नवल वाटतं. मी पाणी भरलं. चार खेपा. नंतर तिनं मला शेण काढायला लावलं, आणि मी नीट काढलं नाही म्हणून भर अंगणात बोल लावले. सगळा तांडा बघत होता.

नाईक आले तेव्हा ती तयारच होती. तिनं पोत्यातून पाच नारळ काढून त्यांच्यापुढं मांडले. "हे घ्या. पाच दिवसांचे हाय. शनिवारी महागावच्या बाजारातून आणखीन आणतो. पोरगी माह्या घरची हाय, मी तिले काम सांगन, तुमी दंड घेत जा."

नाईकांनी दोन दिवस खरंच दंड घेतला. तिसऱ्या दिवशी तांड्यातल्या पोरांना खोबरं नकोसं झालं, आणि नाईकांनी हसत हसत तो कायदाच मोडीत काढला. चहातली साखर मात्र तेवढीच राहिली, ती आजही तेवढीच आहे.

त्यानंतरचे दीड-दोन महिने मी गमलीबाईच्या तावडीत काढले. तावडीतच म्हणते मी. शाळेच्या आधी पाणी, शाळा सुटली की कापूस वेचायला, नाहीतर सरपणाला. भाकरी तिनं मला शिकवली ती शिव्या देत. "ही भाकर हाय का चपलेचा तळवा?" मी पण उलट बोलायची. आमची भांडणं मिठावरून व्हायची, मोबाईलवरून व्हायची, मी केस मोकळे सोडून चुलीपाशी बसते यावरून व्हायची. एकदा सीताफळं तोडायला डोंगरावर गेलो आणि वाटेवरून असं भांडलो की दोघी दोन वाटांनी घरी आलो. जेवायला मात्र आता सगळे एकत्र बसायचो, आणि लहान्या माझ्याच ताटात हात घालायचा.

कापूस वेचता वेचता ती आपलं सांगायची. दुःख सांगतेय असं नाही, कोणत्या साली कोणतं बी पेरलं ते सांगावं तसं. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी ऊसतोडीला. उसात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसा तिचा आणि धनसिंगचा कोयता बावीस हंगाम चालला. तो तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत नेऊन टाकायची, फळीवरून चढून. धरमसिंगचा जन्म कोपीतच झाला, म्हणजे पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या त्या झोपडीत. पाचव्या दिवशी ती परत मोळ्या वाहत होती. "मंग गुडघे गेले," ती म्हणाली, आणि पुढचं बोंड तोडलं. दोन्ही गुडघ्यांमुळं तिला उकिडवं बसता येत नव्हतं. कापूस ती वाकून वेचायची, आणि तरी माझ्या दुप्पट.

मी तिला विचारलं होतं, "याडी, तुम्ही का नाही शिकल्या?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तोंडात कधी बसलं ते मला कळलंच नाही. ती म्हणाली, "कोण्या कोपीवर शाळा असते वं?"

सलोनी त्या काळात वाचायला लागली. आधी अडखळत, मग तेलाच्या पिशवीवरचं, खताच्या पोत्यावरचं, दिसेल ते मोठ्यानं. धरमसिंग हातातलं काम थांबवून ऐकायचा. पण मोनाली एका दिवशी मला हळूच म्हणाली, "बाई, लहान्या अजून अंगावर पेते, त्याले इथं ठेवता येत नाई. तिथं कोण पाहीन त्याले? आमी दोघं उसाच्या फडात. गेल्या साली सलोनी होती म्हणून झालं." मी म्हटलं, ते याडीशी बोला. मला त्यात पडायचं नव्हतं.

पडायचं नव्हतं, कारण अर्ज मी मागं घेतला नव्हता. राहून गेला असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे ठेवला होता. तांडा आवडला म्हणून जन्मभर का तिथंच राहायचं? दिवाळीला घरी नेरला गेले आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. नेरपासून सहा किलोमीटरवर एक जागा रिकामी आहे, हवी असेल तर सोमवारपर्यंत होकार कळवा. आईनं तिथल्या तिथं साखर वाटली. बाबा म्हणाले, "ट्रंक उतरवायला मी येत नाही, बाप्पा." मीही हसले. शनिवारी सकाळी मी एक मोठी रिकामी बॅग घेऊन निघाले, सामान भरून आणायला.

तांड्यावर पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. शाळेपुढं ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक उभा होता. तांड्यातल्या अकरा घरांचं बिऱ्हाड त्यात चढत होतं. पातेली, ताडपत्र्या, कोंबड्या, पीठाची पोती. ट्रकात वर, पोत्यांवर, सलोनी बसली होती. मांडीवर कपड्यांचं गाठोडं. ती माझ्याकडं पाहत होती आणि हसली नाही.

 गमलीबाई ट्रकच्या चाकापाशी उभी होती. तिच्या पायाशीही एक गाठोडं होतं.

"हे काय, याडी? सलोनी काहून बसली?"

"लहान्याले पाहाले कोणी पायजे," ती म्हणाली. "धरमसिंगचं खरं हाय. पोरगं उसाच्या फडात एकटं ठेवता येत नाई."

"मग तुमचं गाठोडं कायले?"

"तिच्या जागी मी जाईन म्हणून बांधलं." तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. "पण तुही बॅग रिकामी हाय."

मी बॅग मागं लपवली. काय उपयोग! भरलेली बॅग कशी दिसते हे ओझी वाहण्यात जन्म गेलेल्या बाईला कोणी सांगायला हवं होतं?

"मी गेली तं घरात पोरगीजवळ कोणी नाई," गमलीबाई म्हणाली. "तू ऱ्हायली तं मी ट्रकात बसतो आन सलोनी उतरन. तू चालली अशीन तं थे बसलीच हाय. तूच सांग. डायव्हर थांबून राह्यला."

मला इतका संताप आला की काय सांगू. ट्रकभर माणसं, खाली सगळा तांडा, नाईक, मोनाली कडेवर लहान्याला घेऊन, आणि सगळ्यांसमोर हे. मी ओरडले, "ही काय पद्धत झाली? मी नोकरी करायला आले आहे! माझे आईबाप आहेत तिकडं! तुम्ही मला अडकवताय, याडी, सरळ सरळ अडकवताय!"

"व्हय," ती म्हणाली. "अडकवून राह्यली."

ना हात जोडले, ना डोळ्यांत पाणी. ती नुसती उभी होती, त्या खराब गुडघ्यांवर, आणि तिला सहा महिन्यांसाठी परत तिथंच जायचं होतं जिथून बावीस हंगामांनंतर ती सुटली होती. तेही मी "हो" म्हटलं तर. मी "नाही" म्हटलं असतं तर तिला आपल्या घरी, आपल्या अंगणात, निवांत राहता आलं असतं.

हे माझ्या डोक्यात उतरलं तेव्हा मी रडत होते. रागानंच रडत होते, दुसरं काही नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी बॅग खाली टाकली, चाकावर पाय देऊन वर चढले आणि सलोनीचा दंड धरला.

"दिवाळीचा अभ्यास केला का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग उतर खाली. निर्लज्ज! उतर!"

मी खाली आले, आणि माझ्या मागोमाग ती इतक्या घाईनं उतरली की गाठोडं वरच राहिलं. ट्रकात उभ्या धरमसिंगनं ते उचललं, क्षणभर हातात धरलं आणि मग वाकून माझ्याकडं दिलं. मोनालीनं लहान्याला वर दिलं. मग दोन माणसांनी गमलीबाईला काखेत हात घालून उचललं. गुडघा वाकला तेव्हा तिच्या तोंडातून एकदा "अगं याडी" निघालं, तेवढंच. सलोनीनं मोकळ्या केलेल्या पोत्यावर ती बसली, लहान्याला मांडीवर घेतलं, पदर नीट केला, आणि माझ्याकडं न पाहता डायव्हरला म्हणाली, "चल."